मदत हवी आहे: बाबा, नऊ वर्षांची लेक आणि 'इमर्सिव्ह' प्रदर्शन. जावं की नको?

कोरा कागद

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात एका मोठ्या शहरात दोन दिवसांचा मुक्काम आहे. पहिला दिवस माझ्या कामाचा, दुसरा घरच्यांचा. बरोबर बाबा (वय ७२, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, मान पटकन वळवली की गरगरतं), नऊ वर्षांची लेक आणि नवरा.

सध्या तिथे तीन 'इमर्सिव्ह' (म्हणजे बघणाऱ्याला चहूबाजूंनी वेढून टाकणारी) प्रदर्शनं चालू आहेत. एकात भिंतींवर, जमिनीवर व्हॅन गॉगची चित्रं फिरतात. दुसरं टायटॅनिकचं. तिसऱ्यात आरसे, दिवे, फुलं असं काहीतरी आहे. जाहिरात तीनदा वाचूनही आत नेमकं काय ते मला कळलेलं नाही. वेळ एकाचीच आहे.

अभिप्राय वाचायला बसले आणि डोकं फिरलं. एक लिहितो, "अंगावर काटा आला." लगेच खाली दुसरा, "दिवसाढवळ्या लूट." दोघं एकाच आठवड्यात गेलेले! कुणाचं खरं धरायचं?

एवढी चौकशी करायचं कारण, मागच्या वर्षी एका 'जादुई जंगला'त आम्ही चांगलेच पोळलो. काळे पडदे, प्लास्टिकच्या वेली, बंद पडलेलं धुराचं यंत्र. अकरा मिनिटांत बाहेर. आणि बाहेर पडायची वाट ज्या दुकानातून होती, ते दुकान जंगलाहून मोठं. लेकीने विचारलं, "आई, सुरू कधी होणार?"

ज्यांनी अशी प्रदर्शनं पाहिलीत त्यांनी मोकळेपणाने लिहा. तिन्हींपैकी काय निवडाल? बाबांना झेपेल का? आधीच आभार.

---

फिरतीवर

ताई, 'इमर्सिव्ह' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, म्हणून अभिप्रायांत एवढी तफावत दिसते.

एक प्रकार: चित्र आधीच कुणीतरी काढलेलं आहे, प्रोजेक्टर लावून ते खोलीभर पसरायचं. पॅरिसचं अतलिए दे लुमिएर याच जातीचं. एकोणिसाव्या शतकातला ओतशाळेचा कारखाना, २०१८ पासून तिथे हे चालतं. मला आवडलं, पण खरं सांगू का, चित्रांइतकीच ती जागा आवडली. उंच छत, जुने लोखंडी खांब आणि त्यांवरून सरकणारा रंग. तोच कार्यक्रम साध्या मंगल कार्यालयासारख्या हॉलमध्ये दाखवला असता तर निम्मी मजा गेली असती.

दुसरा प्रकार: वस्तू त्या खोलीसाठीच बनवलेली आहे, खोलीबाहेर तिला अस्तित्वच नाही. टोकियोतलं टीमलॅब बॉर्डरलेस घ्या. २०१८ ला उघडलं, २०२२ मध्ये जुनी जागा सोडली, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या जागेत परत सुरू झालं. तिथे नकाशा देत नाहीत. एका दालनातली फुलपाखरं भिंतीवरून सरकत दुसऱ्या दालनात जातात, आपण हात लावला की फुलं गळतात. दीड तास फिरून एका खोलीत परत आलो तर ती निराळीच दिसत होती, आपण इथे आलो होतो हे पटायलाच वेळ लागला.

तुमच्या यादीतलं तिसरं या दुसऱ्या जातीचं असेल तर माझं मत त्याला. पण 'असेल तर'.

---

चष्मिष्ट

मी उलट बाजूने. थोडं कडू लागेल.

व्हॅन गॉगचं 'स्टारी नाइट' १८८९ चं. उंची सुमारे ७४ सेंटिमीटर, रुंदी ९२. म्हणजे दोन हात पसरले की आत मावेल एवढं. त्याची सगळी गंमत रंगाच्या जाडीत आहे. रंग इतका थापलेला की बाजूने पाहिलं तर खाचा आणि वरंबे दिसतात. ते पाच मीटरच्या भिंतीवर उजेडाने दाखवलं की पहिली गोष्ट जाते ती हीच जाडी. उरतं ते छापील कापड. वर तारे गरगरा फिरवायचे आणि व्हायोलिन लावायचं, म्हणजे माणसाला भरून आलंच पाहिजे!

आणि व्हॅन गॉगच का, हेही सांगतो. तो गेला १८९० मध्ये, त्यामुळे त्याच्या चित्रांवर कुणाचाही कॉपीराइट उरलेला नाही. पिकासो गेला १९७३ ला, तिथे वारसांची परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात. मोफत चित्र, भाड्याचा हॉल, भाड्याचे प्रोजेक्टर. हिशेब तुम्हीच करा.

बरं, यात नवीन काय आहे? रॉबर्ट बार्करने गोल भिंतीवरच्या चित्राचं पेटंट १७८७ मध्ये घेतलं, त्यालाच पुढे पॅनोरमा म्हणू लागले. नेदरलँड्समधल्या हेग शहरात १८८१ चा मेस्डाग पॅनोरमा आजही बघायला मिळतो. १४ मीटर उंच, घेर सुमारे १२० मीटर. मध्ये खरी वाळू टाकलीय, ती कुठे संपते आणि रंगवलेला समुद्रकिनारा कुठे सुरू होतो ते कळत नाही. वीज नाही, संगीत नाही. मी तासभर उभा होतो.

माझा सल्ला: त्या शहरात धड संग्रहालय असेलच, तिकडे जा. मुलीला एकच खरं चित्र दहा मिनिटं बघू द्या.

---

बिनपाण्याची मासोळी

चष्मिष्टदादा, नऊ वर्षांच्या मुलीला एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं करून दाखवा, मग बोलू :)

ताई, टायटॅनिकबद्दल एक गोष्ट आधी ऐकून ठेवा. या विषयाच्या बऱ्याच प्रदर्शनांत आत शिरताना हातात बोटीचा पास देतात. त्यावर त्या सफरीतल्या खऱ्या प्रवाशाचं नाव असतं. शेवटी एका भिंतीवर वाचलेल्या-गेलेल्यांची यादी, आणि आपलं माणूस तिथे शोधायचं. कल्पना जबरदस्त आहे. मोठ्यांना घशात आवंढा येतो. माझ्या लेकाला (तेव्हा आठ वर्षांचा) दोन लहान मुलं असलेली बाई मिळाली. तो सगळीकडे "हिची खोली कुठली असेल" म्हणत फिरला आणि शेवटच्या भिंतीपाशी जो हुंदके द्यायला लागला तो रात्रीपर्यंत. १५०० हून जास्त माणसं गेली हे त्याला आधीपासून पाठ होतं, पण ते आकडे होते. ही त्याच्या पासावरची बाई होती.

मला विचाराल तर मी पाहिलेल्यांत सगळ्यात चांगलं प्रदर्शन तेच. तरी तुमची लेक हळवी असेल तर तिला आधी सगळं सांगून न्या.

आणि मांडलेल्या वस्तू खऱ्या की नकला, ते तिकिटाआधी बघा. इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामुन याच्या फिरत्या प्रदर्शनांत बहुतेकदा नकलाच असतात. नक्कल असण्यात वाईट काही नाही, मुखवटा चारी बाजूंनी निवांत बघता येतो, काचेपाशी रेटारेटी नाही. फक्त तसं कळायला हवं. लोकांच्या रागाचं मूळ बहुधा तिथेच असतं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

---

दारावरचा

सगळे कलेवर बोलतायत, बाबांच्या चकरेवर कुणीच बोललं नाही.

मी एक हंगाम अशा एका प्रोजेक्शनवाल्या प्रदर्शनात दारावर उभा होतो (नाव सांगत नाही, पोटापाण्याचा प्रश्न होता). त्यातून जे कळलं ते लिहितो.

चक्कर येते ती भिंती सरकल्या की. नजरेच्या कडेकडेपर्यंत सगळंच एका दिशेला वाहायला लागलं की डोळे सांगतात आपण हललो आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं अजिबात नाही. शेजारची आगगाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तेच, पण अर्धा तास. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खोलीचा मध्य. तिथेच सगळे उभे राहतात, कारण फोटो तिथे चांगला येतो. बाबांना भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून बसवा, म्हणजे निदान एक बाजू शांत राहते. गरगरायला लागलंच तर दाराच्या चौकटीकडे किंवा आपल्या बुटांकडे बघायचं, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूकडे. जमिनीवरही चित्र फिरत असेल तर बूटसुद्धा पोहतात, मग दारच बरं. डोळे मिटले तरी चालतं, पण मग पैसे मिटल्यासारखे वाटतात.

मोतीबिंदूचं मी सांगू शकत नाही, डॉक्टरांना विचारा. अंधारातून एकदम लख्ख उजेड होतो एवढं मात्र सांगा त्यांना. घरात कुणाला फेफऱ्याचा त्रास असेल तर लुकलुकत्या दिव्यांबद्दल आधी विचारल्याशिवाय जाऊच नका.

आमच्याकडे कार्यक्रम साधारण पस्तीस मिनिटांचा, आणि तोच फिरून फिरून चालायचा. मधेच आत गेलात तरी बिघडत नाही, पुन्हा सुरुवातीला येतो तोवर थांबा. निम्म्या लोकांना हे माहीतच नसायचं. दहा मिनिटांत बाहेर यायचे आणि मलाच म्हणायचे, "एवढंच?" एका ताऱ्याच्या अभिप्रायांतले कितीतरी त्यांचेच असणार.

दिवसाचा पहिला स्लॉट घ्या. दुपारनंतर गर्दीची डोकी भिंतीवर सावल्या पाडतात, लहान मुलांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. आणि फोन करून एकच विचारा: आत बसायला काय आहे? बाकं, उशा की काहीच नाही? याचं नीट उत्तर ज्यांना देता येत नाही, त्यांनी येणाऱ्या माणसाचा फार विचार केलेला नाही.

---

शंकासुर

जाहिरात तीनदा वाचूनही आत काय आहे ते कळत नाही, हेच उत्तर आहे की!

फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्लासगोत चॉकलेटच्या कारखान्याच्या नावाखाली मुलांसाठी एक 'अनुभव' भरला होता. जाहिरातीतली चित्रं संगणकाने बनवलेली, त्यांवरच्या इंग्रजी शब्दांना अर्थसुद्धा नव्हता. आत जवळजवळ रिकामं गोदाम, थोडी सजावट, मूठभर मिठाई. पहिल्याच दिवशी बंद करावं लागलं आणि पोलिसांना बोलावलं गेलं. जाहिरातीत एकही खरा फोटो नसेल तर तिथेच थांबायचं.

दुसरं, नावाचा घोळ. २०२१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची व्हॅन गॉग प्रदर्शनं एकाच वेळी चालू होती आणि नावंही जवळपास सारखी. एकाचे फोटो बघून दुसऱ्याचं तिकीट काढणं सहज शक्य होतं. त्यामुळे अभिप्राय वाचताना जागेचा पत्ता जुळतो का ते आधी बघा. दुसऱ्या शहरातल्या त्याच नावाच्या प्रदर्शनाचे अभिप्राय तर बिलकूल धरू नका, हॉल बदलला की सगळंच बदलतं.

पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या. तीन तारेवाले वाचा. "आरशाची खोली छान, पण रांग चाळीस मिनिटं" असली कामाची वाक्यं तिथेच सापडतात. आणि लोकांनी टाकलेल्या फोटोंत पाठीमागे कोण दिसतंय ते बघा. एकट्या मुलीचा फोटो सगळेच काढतात, तिच्यामागे किती माणसं ताटकळत आहेत ते कधीतरी कोपऱ्यात येतं.

अवांतर: आरशांच्या खोलीत फार वेळ मिळेल अशी आशा ठेवू नका. जपानी कलाकार यायोई कुसामाने पहिली आरशांची खोली १९६५ मध्ये केली. तिच्या खोल्या २०१७ ला वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात मांडल्या होत्या तेव्हा दार लावून आत जेमतेम अर्धं मिनिट उभं राहू देत होते. तेवढ्यातही फोटो काढण्याच्या नादात एकाने आतल्या मांडणीतला भोपळा फोडलाच.

---

कोरा कागद

सगळ्यांचे मनापासून आभार! तिसऱ्याचे लोकांनी काढलेले फोटो शोधले. फुलं कागदाची आहेत, आरसे चार. बाद. टायटॅनिकचं लेकीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मला मेलेलं माणूस नको मिळायला." तेही राहिलं.

व्हॅन गॉगवाल्यांना फोन केला. बसायला काय आहे विचारल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, "मोठी बाकं सहा, पाठ टेकायची असेल तर डावीकडची दोन." दारावरचा, तुम्हाला हे ऐकून बरं वाटेल. पहिला स्लॉट घेतलाय. चष्मिष्टदादा, दुपारी संग्रहालयही ठेवलंय, एकच दालन. रागावू नका.

---

कोरा कागद

जाऊन आलो, म्हणून धागा वर काढते.

डावीकडचं बाक मिळालं. बाबांनी पूर्ण फेरी पाहिली. तारे फिरायला लागले तेव्हा मात्र दाराकडे बघत बसले. नवरा दुसऱ्या फेरीत झोपला (उशा फार मऊ होत्या). माझं मत फिरतीवर यांच्यासारखंच, जागा साधी होती, त्यामुळे "ओहो" असं दोनदाच झालं. गव्हाचं शेत जमिनीवर पसरलं तेव्हा, आणि पावसाच्या वेळी.

संग्रहालयात चष्मिष्ट यांचं ऐकून लेकीला एका तैलचित्राकडे बाजूने बघायला लावलं. "आई, याला खड्डे आहेत" म्हणाली. दहा नाही, पण चार मिनिटं उभी होती.

पण खरी गोष्ट राहिलीच. प्रदर्शनाच्या शेवटी एक खोली होती, तिथे कागदावर मासा रंगवायचा, तो स्कॅन करतात आणि समोरच्या भिंतीवर पोहायला लागतो. जाहिरातीत याचा उल्लेखही नव्हता. लेकीने तीन केले. मग बाबांच्या हातात खडू दिला. ते नको नको म्हणत होते, शेवटी एक केशरी मासा काढला. कागद उलटा ठेवला गेला की काय झालं कोण जाणे, सगळे मासे सरळ आणि बाबांचा एकटा पोट वर करून. आम्ही निघायला उठलो तर म्हणतात, "थांबा, तो त्या दगडामागे गेलाय, बाहेर येऊ दे."

---

दारावरचा

आला का?

---

कोरा कागद

आला. तसाच उलटा.