माशाचं मूत्रपिंड की वृक्क?

मी नाशिकला जीवशास्त्र शिकवते. इकडे द्राक्षबागांच्या शेततळ्यांत रोहू-कटला सोडणारे बरेच झालेत, त्यांच्यासाठी माशांच्या आजारांवर मराठीत टिपण लिहितेय. ‘हेड किडनी’पाशी, म्हणजे माशाच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागापाशी, अडले. ‘शीर्ष मूत्रपिंड’ लिहिलं आणि लगेच खोडलं. पूर्ण वाढलेल्या माशाच्या त्या भागात नेफ्रॉन (रक्त गाळून मूत्र बनवणाऱ्या बारीक नळ्या) जवळजवळ उरतच नाहीत, मग तिथे मूत्र कुठलं? माशांच्या हाडांत आपल्यासारखा रक्त तयार करणारा मगज नसतो. ते काम हा भाग करतो. तांबड्या पेशी, जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणाऱ्या बी-पेशी मुख्यतः इथे जन्मतात. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक स्रवणाऱ्या पेशीही इथेच. शब्द सुचवा.

— ताई, आधी बाजारातला शब्द बघू. बोकडाचा तो गुर्दा, माणसाची ती किडनी. माशाच्या वाट्याला मात्र नावच नाही. परवा मासळीवाल्या मावशींनी रोहू चिरला, पोटातला पांढरा फुगा काढला आणि कण्याखाली चिकटलेला गडद लाल लगदा नखाने खरवडून टाकला. विचारलं तर म्हणाल्या, “रगत हाय ते, साठलेलं.” मला ते फार आवडलं. रक्त घडवणाऱ्या अवयवाला त्यांनी रक्तच म्हटलं!

— किडनीसाठीचा संस्कृत शब्द ‘वृक्क’ घ्या. ‘मूत्रपिंड’ हा शब्द काम सांगून मोकळा होतो, मग दुसऱ्या कामाला त्यात जागा राहत नाही. ‘वृक्क’ या शब्दात मूत्र मुळीच नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वृक्क हे मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ सांगितलंय. मूत्रवहांचं मूळ म्हणून बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघेचा सांधा) येतात. म्हणून ‘अग्रवृक्क’ सुचवतो.

— ‘अग्रवृक्क’ला माझा विरोध आहे. भ्रूणात सर्वांत आधी तयार होणाऱ्या वृक्काला ‘प्राक्‌वृक्क’ म्हणतात; ‘अग्र’ आणि ‘प्राक्’ यांत विद्यार्थी हमखास गोंधळतील. माशाचा हा भाग त्या प्राक्‌वृक्काच्याच जागी घडतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढेल. ‘शिरोवृक्क’ म्हणा. शिरोभाग, शिरोरोग हे शब्द कानावरचे आहेत.

— ‘शिरोवृक्क’ पक्का करते, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘डोक्याकडचं वृक्क’ असं फोडून लिहीन. वृक्काच्या मागच्या भागाला खुशाल मूत्रपिंड म्हणता येईल असं वाटलं होतं, पण तिथेही नेफ्रॉनच्या नळ्यांमधल्या जागेत रक्त घडवणारी ऊती असतेच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत शिरत असतं, ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकणं हे या भागाचं मुख्य काम. तेव्हा ‘धडाकडचं वृक्क’.

आता एकच शब्द उरला. सूक्ष्मदर्शकाखाली वृक्कात तपकिरी-काळे पुंजके दिसतात. हे पुंजके म्हणजे रंगद्रव्यं साठवलेल्या महाभक्षक पेशी (मोठ्या भक्षकपेशी). जुन्या तांबड्या पेशींतलं लोह त्या साठवतात, जंतूंचे अवशेषही धरून ठेवतात. एका टिपणात ‘रंगभक्षक’ वाचलं. त्यातून त्या रंग खातात असा अर्थ निघतो, तो चूक आहे. मी ‘काळपट भक्षकपुंज’ लिहितेय.

— ‘काळपट’ काढून ‘रंगधर’ करा. तरुण, निरोगी माशात ते पुष्कळदा फिकट तपकिरीच असतात.