वऱ्हाडच्या कापसाने प्रदेश घडवला की केवळ गाठी बाहेर नेल्या?

वऱ्हाडकर (मूळ मुद्दा):
१८५३ साली वऱ्हाडचा, म्हणजे आजच्या अमरावती-अकोला-बुलढाणा-यवतमाळ भागाचा, कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा आपल्या काळ्या जमिनीवर साऱ्यांची नजर गेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, आणि पुढे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाची छोटी रेल्वेही कापसासाठीच धावू लागली. माझे म्हणणे असे की, या रुळांनी माल बाहेर नेला, पण त्यावरची प्रक्रिया येथे फारशी रुजू दिली नाही. सरकी, म्हणजे बी, काढायची आणि उरलेल्या रुईच्या गाठी बांधायच्या, एवढ्यावरच आपली मजल थांबली. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, उभी राहिली आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात, रेल्वे दाराशी असूनही, धान्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मजुरांचे अतोनात हाल झाले.

गिरणगाव:
हे चित्र एकांगी आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती कापूस आणि कोळसा जवळ होता म्हणूनच. पुलगाव, हिंगणघाट, अचलपूर येथेही गिरण्या निघाल्या. शिवाय रेल्वे येण्यापूर्वीही बैलांच्या पाठीवरून येथील कापूस मिर्झापूरपर्यंत जात असे. म्हणजे हे रोख पीक काही इंग्रजांनी लादलेले नव्हते.

वऱ्हाडकर:
आपण दिलेल्या नावांपैकी वऱ्हाडात एकटे अचलपूर येते.

कास्तकार:
एकाधिकार खरेदीचा, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याच्या योजनेचा, विचार टाळून ही चर्चा पुढे जाऊच शकत नाही. १९७२ पासून ती योजना असेपर्यंत शेतकऱ्याला खासगी व्यापाऱ्याकडे कापूस नेण्याची मुभा उरली नाही. हमीभावाचा आधार मिळाला, तो मी नाकारत नाही. परंतु संकलन केंद्रावर गाड्यांची रांग लागे, ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस उपसून चिमटीत धागा ताणून पाही आणि प्रत सांगे. तेवढ्यावर घरच्या वर्षाचा हिशेब ठरे, आणि पुढे चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशांची, वाट पाहणे आलेच. शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाई, उतरला की तिकडचा इकडे येई, आणि तोटा योजनेच्या माथी बसे.

गिरणगाव:
मग दोष पिकाचा नसून व्यवस्थेचा आणि कोरडवाहूपणाचा आहे, हे आपणच मान्य करता. २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारे बीटी बियाणे आले, बोंडअळीवरची फवारणी काही वर्षे घटली, पण पावसाने ओढ दिली की तेच महागडे बियाणे अंगावर येते. ऊस उत्पादकाने १९५० मध्ये प्रवरेला सहकारी कारखाना उभारला. कापूस उत्पादकाला ते का जमले नाही?

वऱ्हाडकर:
कारण ऊस तोडल्यावर लगेच गाळावा लागतो, त्यामुळे कारखाना शेताजवळच हवा असतो आणि शेतकऱ्याच्या शब्दाला वजन येते. रुईची गाठ महिनोन्‌महिने टिकते आणि हजार मैल जाते, म्हणून ती साठवू शकणाऱ्या भांडवलदाराला शेतकऱ्याच्या दारी थांबण्याची गरज नसते. सहकारी सूतगिरण्या निघाल्या, पण त्यांतल्या कित्येक इचलकरंजीच्या परिसरात, जेथे कापसाचे शिवार नाही. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. उरलेल्या सरकीचे तेल आणि पेंड यांचा नफा तरी उत्पादकांच्या मालकीच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, का राहू नये, याचे उत्तर मला कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांतील सहकारी पुढाऱ्यांकडून हवे आहे.