शाळेच्या ग्रंथालयाचं रूप बदलायचंय, सुरुवात कुठून करू?

पाचवी ते दहावीच्या मुलांचं ग्रंथालय आहे. खोली २० बाय ३० फूट, पुस्तकं साधारण २५००. सगळी दाराच्या लोखंडी कपाटांत बंद असतात, त्यामुळे मुलं यादीवरून पुस्तक मागतात, हाताळून निवडत नाहीत. लाकडी टेबलं ७६ सेंमी उंच, मोठ्यांच्या मापाची. एका भिंतीला खालून पोपडे आलेत. आधी रंग की आधी फर्निचर? रॅक किती लागतील? कपाटं वापरता येतील का?

प्रतिसाद १

रंगाआधी ओलीचा सोक्षमोक्ष लावा. पोपडे खरवडून तिथे फूटभर चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय; पाइप आणि बाहेरचं प्लास्टर तपासा. ते न करता नुसती पुट्टी आणि रंग मारला तर पोपडे पुन्हा येणारच. खोलीकडच्या अंगाला जमलं तर हवा कोंदट आहे, एक्झॉस्ट पंखा लावा.

रॅकचा हिशोब असा. पुस्तकाची जाडी सरासरी अडीच सेंमी धरा, म्हणजे मीटरला ४० पुस्तकं. २५०० पुस्तकांना ६३ मीटर. पण कप्पा तीन चतुर्थांशच भरायचा, नाहीतर पुस्तक ओढताना कणा फाटतो आणि नव्या पुस्तकांना जागाही उरत नाही. म्हणून ८४ मीटर धरा. ९० सेंमी रुंद, पाच कप्प्यांचा रॅक साडेचार मीटर देतो, असे १९ लागतील. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून १० सेंमी वर, दोन कप्प्यांत ३० सेंमी अंतर. मग पाचवा कप्पा १३० सेंमीवर येतो आणि पाचवीतल्या मुलाचा हात पोचतो.

प्रतिसाद २

९० सेंमीच्या पुढे फळी नेऊ नका. पूर्ण भरलेल्या कप्प्यावर २५-३० किलो सहज येतात. पार्टिकल बोर्ड एकदा वाकला की पुस्तकं काढली तरी सरळ होत नाही. १८ मिमी प्लायवूड घ्या आणि पुढच्या कडेला दीड इंच उंचीची लाकडी पट्टी उभी ठोका, फळीला खरी ताकद त्या पट्टीनेच येते. रॅक भिंतीपासून दोन इंच सुटा राहू दे, मधे ठोकळा घालून वर एल-पट्टीने भिंतीला जखडा. मुलं कप्प्यावर पाय देऊन चढतात, त्यामुळे हे टाळू नकाच.

धागाकर्ती

धन्यवाद! कपाटांची दारं काढली तर?

प्रतिसाद ३

काढा, ताई. पण दारं गेली की कपाट डुलतं, म्हणून दोन कपाटं पाठीला पाठ लावून बोल्टने जोडा. बिजागरीच्या जागच्या धारदार कडा कानशीने घासा. जुना चकचकीत रंग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्याशिवाय नवा धरत नाही. गंजावर रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर), मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात. रंग हाताला वाळलेला लागतो, पण आतून मऊ असतो. घाईने पुस्तकं ठेवली तर ती कप्प्याला चिकटतात आणि उचलताना पुठ्ठ्याची खालची कड सोलून निघते. निदान आठवडाभर रिकामंच ठेवा.

टेबलं कापता येतील. उलटी ठेवून पृष्ठभागापासून माप घ्या. १३३ ते १५९ सेंमी उंचीच्या मुलांना टेबल ६४ आणि बैठक ३८ सेंमी. त्याहून मोठ्यांना ७१ आणि ४३. दोन्ही मापांची टेबलं ठेवा. टेबल कापलं आणि खुर्ची तीच राहिली तर मुलांचे गुडघे अडकतील.

प्रतिसाद ४

उजेडाचंही बघा. वाचायच्या टेबलावर ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक), रॅकवर २०० लक्स हवेत. ट्यूब दोन रॅकच्या मधल्या वाटेवर, वाटेच्या लांबीने लावा. रॅकच्या डोक्यावर लावली तर खालचे कप्पे अंधारात जातात. खिडकीचं थेट ऊन कण्यांवर पडू देऊ नका, लाल आणि पिवळी छपाई आधी उडते. छत पांढरं, भिंती फिकट आणि मॅट ठेवा. गडद रंग हवाच असेल तर दाराच्या समोरच्या एकाच भिंतीला द्या आणि तिथेच मुखपृष्ठ समोर दिसेल अशा तिरक्या फळ्या लावा. फळीच्या खालच्या कडेला दोन सेंमीचा ओठ ठेवा, नाहीतर पातळ पुस्तकं घसरून पडतात.