चिप बसवली की स्ट्रोक टळला? (एका प्रतिसादाला लांबलेलं उत्तर)

उलटतपासणी:
परवा इथे एकाने लिहिलं होतं: "कारण न सापडलेला स्ट्रोक असं काही नसतं, असते ती आळशी तपासणी. छातीत लूप रेकॉर्डर बसवा, एएफ सापडेल, रक्त पातळ करायची गोळी सुरू होईल, दुसरा स्ट्रोक येणार नाही. विषय संपला." (लूप रेकॉर्डर म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवायची, ठोक्यांवर सतत नजर ठेवणारी छोटी चिप. एएफ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, जिच्यामुळे गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते.) खाली वाहव्वा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही.

२४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून फिरायचं ईसीजी यंत्र) अपुरं पडतं हे मान्य, त्यावर वाद नाही. येऊन-जाऊन असणारं एएफ नेमकं त्याच दिवशी हजेरी लावेल कशाला? पण पुढचं सगळं गृहीतकांवर उभं आहे. २०१४ च्या क्रिस्टल-एएफ अभ्यासात कारण न सापडलेल्या स्ट्रोकचे ४४१ पेशंट होते. वर्षभरात चिपवाल्यांपैकी १२.४ टक्क्यांना एएफ सापडलं, नेहमीच्या तपासण्यांत २ टक्क्यांना. तीन वर्षांनी ३० विरुद्ध ३. हा ३० चा आकडा सगळे नाचवतात. उरलेल्या ७० टक्क्यांचं काय? तीन वर्षं कातडीखाली पहारेकरी बसवूनही काही हाती लागलं नाही, ते कुणाच्या आळसामुळे?

आणि सापडलं तरी तेच कारण होतं कशावरून? २०२१ च्या स्ट्रोक-एएफ अभ्यासातल्या लोकांच्या स्ट्रोकचं कारण आधीच ठाऊक होतं: अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या. त्यांनाही चिप बसवली, वर्षभरात १२.१ टक्क्यांना एएफ निघालं. जवळपास तेवढंच! म्हणजे चोरी झालेल्या घराशेजारी जो दिसला तो चोर, असा हा न्याय आहे.

शेवटचं. लूप अभ्यासात (२०२१) सत्तरीपुढचे ६००४ जण होते. चिपमुळे एएफ ३१.८ टक्क्यांना सापडलं, एरवी १२.२ टक्क्यांना. रक्त पातळ करायच्या गोळ्याही वाढल्या. आणि स्ट्रोक व इतरत्र अडकलेल्या गुठळ्या मिळून? ४.५ विरुद्ध ५.६ टक्के, आणि तो फरक योगायोगाने पडला नसेल असं छातीठोक सांगता येत नाही. सापडणं वेगळं, टळणं वेगळं.

बारा लीड:
सोयीचं तेवढं उचललंत. लूपमधल्या बहुतेकांना आधी स्ट्रोक आलेलाच नव्हता. रक्तदाब, मधुमेह असलेली वयस्कर मंडळी होती ती. हा धागा स्ट्रोक येऊन गेलेल्यांचा आहे. त्यांची जोखीम कितीतरी जास्त, म्हणून तीच गोळी त्यांना जास्त उपयोगी पडणार. विहिरीचं पाणी मोजून नदीच्या पुराचा अंदाज देताय तुम्ही.

उलटतपासणी:
मग स्ट्रोक येऊन गेलेल्यांमध्ये लांबलचक मॉनिटरिंग केल्याने दुसरा स्ट्रोक कमी झाला हे सिद्ध करण्याइतका मोठा एक तरी अभ्यास दाखवा. क्रिस्टल-एएफ काय, पर-डिएम हा दुसरा अभ्यास काय, दोघांनी मुख्यतः मोजलं ते "किती सापडलं".

मधली लेक:
आकडे चालू द्यात. मी आईचं सांगते.

पहिला स्ट्रोक, उजवा हात लुळा. मेंदूच्या, मानेच्या नसांच्या तपासण्या, इको (हृदयाची सोनोग्राफी), सगळं ठीक. २४ तासांचं होल्टर लावलं. सोबत एक कागद दिला होता, कधी काय केलं ते लिहायला. आईने तो डाव्या हाताने भरला. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं: "४:१० जिना चढले. धडधड नाही." रिपोर्ट नॉर्मल, ॲस्पिरिन द्या, घरी जा. "आणखी काही दिवस बघायचं का?" असं मी विचारलं होतं. उत्तर आलं, "गरज नाही." मान वर न करता.

सात महिन्यांनी दुसरा. ॲडमिट केल्यावर दुसऱ्या रात्री पलंगाशेजारच्या मॉनिटरवर एएफ दिसलं. तेव्हा सगळे धावले. बैल गेला आणि झोपा केला. आता आईला "पाणी" म्हणायचं असतं आणि तोंडून "खिडकी" येतं. आम्ही खिडकी उघडतो, ती रडते. आता सांगा मला, शेजारी दिसलेला चोर.

सरळ रेष:
ताई, वाचून वाईट वाटलं. म्हणूनच मी म्हणतो, शोधत बसायचंच कशाला? कारण सापडलं नाही की सगळ्यांना रक्त पातळ करायची गोळी द्या. चिपही नको, महिनाभर छातीला बांधायचा ईसीजीचा पट्टाही नको.

बारा लीड:
करून झालंय ते. नॅव्हिगेट-ईसस अभ्यास, २०१८, ७२१३ पेशंट, रिव्हारोक्साबान ही रक्त पातळ करायची गोळी विरुद्ध ॲस्पिरिन. दुसरा स्ट्रोक काही कमी झाला नाही, रक्तस्राव वाढले, अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. पुढच्या वर्षी तशीच दुसरी गोळी, डॅबिगाट्रान, ५३९० पेशंट, तिथेही ॲस्पिरिनवर मात नाही. साप साप म्हणून भुई धोपटायची नसते. म्हणूनच साप शोधावा लागतो.

मनगट:
एवढी मारामारी कशासाठी? आजकाल घड्याळं ईसीजी काढतात. छाती कापून चिप कोण बसवेल? मी दोन वर्षं वापरतोय.

बारा लीड:
कापून वगैरे काही नाही हो, बोटाच्या पेरापेक्षाही छोटा छेद असतो. आणि तुमचं घड्याळ अखंड ईसीजी काढत नाही. तुम्ही बोट टेकवाल तेव्हा ३० सेकंद. एरवी ते हिरव्या दिव्याने नाडी बघतं, तेही मधूनमधून, हात स्थिर असला तर. पहाटे पावणेतीनला अकरा मिनिटं एएफ येऊन गेलं आणि घड्याळ चार्जिंगला असेल, तर?

मनगट:
ॲपलच्या अभ्यासात चार लाख लोक होते ना?

बारा लीड:
४,१९,२९७. सरासरी वय ४१. सूचना आली अर्ध्या टक्क्याला. पुढे ज्यांनी छातीवर पॅच लावून परत पाठवला, त्यातल्या ३४ टक्क्यांना एएफ निघालं. स्ट्रोक येऊन गेलेल्यांचा नव्हे, चाळिशीतल्या हौशी लोकांचा अभ्यास आहे तो.

खोडरबर:
घड्याळाचं नाव काढू नका माझ्यासमोर. सासऱ्यांना वाढदिवसाला दिलं, त्या दिवसापासून घरातली शांतता गेली. माणूस दिवसातून वीस वेळा बोट टेकवतो. जेवताना. फोनवर बोलताना. एकदा माझ्याशी भांडता भांडता मध्येच "थांब" म्हणाले आणि ३० सेकंद डोळे मिटून बसले. हात थरथरतो म्हणून निम्म्या वेळा "अनिर्णित". मग तो अनिर्णितचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर. तीनदा इमर्जन्सीत नेलं, तिन्ही वेळा नॉर्मल.

मनगट:
दोष घड्याळाचा की सासऱ्यांचा? तुमच्यासारख्या घाबरट कुटुंबांमुळे चांगल्या गोष्टी बदनाम होतात.

खोडरबर:
माझ्या कुटुंबावर घसरायचं कारण नाही. तुम्हाला घड्याळात काय दिसतं ते बघून तुम्ही करणार काय, ते आधी सांगा.

मनगट:
निदान माहीत तरी होईल. तुमच्या हिशोबाने, होल्टरला ज्याचं नाव पडलं त्या नॉर्मन होल्टरचं ते पहिलं ८५ पौंडांचं धूड पाठीवर घेऊन फिरायचं का अजून?

सरळ रेष:
८५ पौंड?? म्हणजे जवळपास ३९ किलो. ते उचलल्यावर कुणाचेही ठोके चुकतील. 😄

खोडरबर:
हसा. रात्री दोनला फोन येतो तो मला.

बारा लीड:
खोडरबर, तुमचं दुखणं कळतं. चिपचे अलर्ट तपासायचं कामच आहे माझं. सकाळी आल्या आल्या रांग लागलेली असते. निम्म्याहून जास्त कचरा: जास्तीचे ठोके, नाहीतर नुसता गोंगाट, आणि मशीन त्याला एएफ म्हणतं. ईसीजीची प्रत्येक पट्टी डोळ्यांनी बघावी लागते. म्हणून यंत्राने "सापडलं" म्हटलं की आम्ही नाचत नाही. पण म्हणून बघायचंच नाही का?

आणि उलटतपासणी, तुम्ही घड्याळाच्या भांडणात मजेत लपलात. आर्टेसिया अभ्यास, २०२३. यंत्रातच दिसलेलं, सहा मिनिटं ते २४ तासांचं एएफ. एपिक्साबान या रक्त पातळ करायच्या गोळीने स्ट्रोक (इतरत्र अडकलेल्या गुठळ्या धरून) वर्षाला १.२४ वरून ०.७८ टक्क्यांवर आला. ज्यांना आधी स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा छोटा झटका) होऊन गेला होता, त्यांच्यात ३.१४ वरून १.२०. बोला.

उलटतपासणी:
लपलो नाही, जेवायला गेलो होतो. आर्टेसिया वाचलाय. तो आधी स्ट्रोकवाला उपगट किती जणांचा? ४०१२ पैकी ३४६. आणि बहुतेकांना आधीपासून पेसमेकर. रक्तस्राव वाढले ते सोयीस्कर वगळलंत. नोआ अभ्यास त्याच वर्षी एडोक्साबान ही तशीच गोळी घेऊन आला आणि हात हलवत परतला, तेही वगळलंत.

बरं, एवढं देतो: स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसाला सहा मिनिटांचं एएफ दिसलं तर गोळीच्या बाजूने पारडं झुकतं. झुकतं म्हणालो. "विषय संपला" नाही.

मधली लेक:
उपकार झाले.

उलटतपासणी:
ताई, टोमणा रास्त आहे. तुमच्या आईच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे, हे आधीच लिहायला हवं होतं. पंचावन्नच्या पुढे, कारण न सापडलेला स्ट्रोक, आणि एका दिवसाच्या होल्टरवर घरी पाठवणं चूकच. एम्ब्रेस अभ्यासात ५७२ लोक होते, ३० दिवसांच्या पट्ट्याने १६.१ टक्क्यांना एएफ सापडलं, २४ तासांच्या होल्टरने ३.२. पट्ट्याला ना छेद लागतो ना भूल. माझं भांडण "सरसकट सगळ्यांना चिप, मग स्ट्रोक येणारच नाही" या वाक्याशी आहे. पट्ट्याने आईचा दुसरा स्ट्रोक नक्की टळला असता असं मात्र मी म्हणणार नाही.

मधली लेक:
नका म्हणू. मीही म्हणत नाही. मला फक्त तो महिना हवा होता. काही सापडलं नसतं तरी चाललं असतं, निदान शोधलं होतं एवढं तरी स्वतःला सांगता आलं असतं. तो डाव्या हाताचा कागद अजून फाईलमध्ये आहे. "धडधड नाही."

बारा लीड:
धडधड नाही, हेच तर. एएफ बऱ्याचदा जाणवतच नाही. त्या कागदावर विसंबणाऱ्यांना हे कोण सांगणार.

मनगट:
गंभीर चर्चेत घुसतोय, माफ करा. हे सगळं वाचता वाचता बोट टेकवलं. घड्याळ "अनिर्णित" म्हणतंय, ठोके १२१. काय करू?

खोडरबर:
सासऱ्यांचा नंबर देऊ?

बारा लीड:
घड्याळ काढा, पाच मिनिटं शांत बसा, नाडी हाताने मोजा. तेवढेच आले तर इथे लिहीत बसू नका, जाऊन खरा ईसीजी काढून घ्या.

मनगट:
८८. जिना चढून आलो होतो, ते लिहायचं राहिलं.