मदत हवी आहे : रात्री दिवे लावले की सकाळी बोटीचं इंजिन सुरू होत नाही

नर्मदाकाठ, धडगाव
सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमची बोट चालते. रात्री दिवे, पंखा, मोबाईल चार्जिंग चाललं की सकाळी सेल्फ नुसता टक्-टक् करतो. दिव्यांची बॅटरी आणि सेल्फची बॅटरी वेगळी करायची आहे. वायर कशी जोडू तेवढं सांगा. परवा पलीकडच्या पाड्यांवरची माणसं आणायची आहेत.

वायरमन, शहादा
दादा, बॅटऱ्या किती? 12 व्होल्ट की 24? चार्ज कशावर होतात?

हिरवा मळा, चोपडा
बॅटरीच्या भानगडीत पडूच नका भो. आमच्या डिझेल पंपाला हँडल आहे. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, जोरात फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा. थंडीतही लागतो.

नर्मदाकाठ
आमचं इंजिन ट्रकचं, चार सिलिंडर. हँडल नाही. 12 व्होल्ट, डायनामोवर चार्ज.

सौरमित्र, जळगाव
लिथियम टाका. वजन निम्म्याहून कमी आणि आपल्याकडे ऊन भरपूर. माझ्या शेतघरावर तेच आहे, कधी त्रास नाही.

वायरमन, शहादा
शेतघरावर डायनामो नसतो, सौरमित्र. लिथियम थेट डायनामोवर लावली तर इतका करंट ओढते की तो तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. नर्मदाकाठ, बॅटऱ्या किती ते अजून राहिलंच.

मणिबेलीचा रस्ता
उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बोट कुठे लावता? आणि माणसं नेताना लाइफ जॅकेट सगळ्यांना देता ना?

नर्मदाकाठ
जॅकेटं आहेत. बॅटऱ्या दोन. एक ट्रकची, दुसरी इन्व्हर्टरची ट्युब्युलर. लालला लाल, काळ्याला काळी जोडलीय.

वायरमन, शहादा
मग तेच कारण. अशा जोडल्या की दोन्ही बरोबरच उतरतात. काळी वायर राहू द्या, दोन लाल टोकांमधली काढा. डायनामो आणि सेल्फ ट्रकच्या बॅटरीवर, बाकी सगळं ट्युब्युलरवर. दोन लाल टोकांच्या मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले बसवा. इंजिन चालून 13.3 व्होल्टच्या आसपास गेलं की तो दोन्ही जोडतो, 12.8 च्या खाली आलं की तोडतो. त्या वायरला दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवाच, करंट दोन्हीकडून येतो. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, बंद पेटीत ठेवू नका.

तापीकाठ, प्रकाशा
रिलेपेक्षा डायोड स्वस्त पडेल.

वायरमन, शहादा
साध्या डायोडमध्ये 0.7 व्होल्ट जातात. ट्युब्युलर कायम अर्धवट भरेल आणि लवकर मरेल.

नर्मदाकाठ
रिले इथे मिळत नाही. परवाचं काय?

वायरमन, शहादा
रिलेच्या जागी ट्रकचा कट-ऑफ स्विच लावा, फ्यूज तसेच. इंजिन सुरू झालं की चालू, इंजिन बंद केलं की लगेच बंद. हे काम एकाच माणसाकडे द्या. आणि आज रात्रीच ट्रकची बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. चार्जर काढून दोन-तीन तासांनी मीटरवर 12.6 दिसायला हवं.