सांध्याच्या अस्तरात कोणतं प्रोटीन कुठे असतं?

भुसावळकर: आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस (सांधे सुजवणारा आजार) आहे, सकाळी कळण्याची भाकरी थापायला बसली की तासभर बोटं वळतच नाहीत. गुडघ्याच्या अस्तराचा तुकडा तपासला त्यात लिहिलंय वरच्या थरात सीडी६८ भरपूर, खाली सीडी२० चे पुंजके. म्हणजे काय हो, कोणी नीट सांगेल का?

धुळे_पॅथो: निरोगी अस्तराचा वरचा थर जेमतेम १-२ पेशींचा असतो, ह्या आजारात तो फुगून ८-१० थरांचा होतो. सीडी६८ हे प्रोटीन म्हणजे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींची खूण, त्या वर गर्दी करतात आणि टीएनएफ, आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रोटीन सोडतात, शेजारच्या फायब्रोब्लास्ट (धागे विणणाऱ्या) पेशी एमएमपी नावाची एन्झाइम सोडतात आणि जिथे अस्तर कूर्चेवर (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणावर) चढतं तिथे ती एन्झाइम कूर्चा खातात. सीडी२० ही बी पेशींची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूण, त्या खोल, रक्तवाहिन्यांभोवती. स्लाइडवर त्या प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी टाकून रंगवलं की प्रोटीन असेल तिथेच तपकिरी दिसतं.

केळीवाला_रावेर: मग डाळ बंद करायची का? आमच्याकडे सगळे तेच सांगतात

धुळे_पॅथो: नाही भाऊ, डाळ खाऊ द्या त्यांना! ताटातल्या प्रोटीनमुळे हे होत नाही, ही पेशींनी बनवलेली प्रोटीन आहेत. १९९२ मध्ये लंडनला फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी टीएनएफ अडवणारं औषध पेशंटना दिलं तिथून उपचारच बदलले. फक्त ते इंजेक्शन सुरू करायच्या आधी टीबीची टेस्ट करायचीच, दबलेला टीबी उसळू शकतो.

भुसावळकर: टेस्ट झालेली नाही अजून. शुक्रवारी जळगावला नेतोय, आधी तेच विचारतो. लई आभार दादा