बाप्तिस्म्याच्या चित्रात रथ कसा काय?

रंकाळ्याचा_काठ:
लोकहो, एक शंका. आर्टच्या पहिल्या वर्षाला आहे इथं कोल्हापुरात, सरांनी प्रत्येकाला एकेक जुनं चित्र दिलंय रचना काढून आणायला, मला आलंय डच चित्रकार रेम्ब्राँचं 1626 चं बाप्तिस्म्याचं, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती दीक्षा देण्याच्या विधीचं. बाप्तिस्मा म्हणजे जॉर्डन नदी, येशू आणि योहान एवढंच मला ठाऊक, इथं तर एक काळा माणूस भारीतला झगा घालून गुडघ्यावर बसलाय, एकाच्या हातात फेटा, एकजण पुस्तक उघडून, मागं घोडे, रथ आणि खाली कुत्रं पाणी पितंय. नक्की चाललंय काय? शुक्रवारी दाखवायचंय.

पंचगंगाकर:
येशूचा नाहीच तो. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 काढ. आमच्याकडं संडे स्कूलला ही गोष्ट असतेच. इथिओपियाच्या कांदके राणीचा खजिनदार यरुशलेमहून गाझाच्या वाटेनं परत निघालाय, रथात बसून जुन्या करारातलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय पण अर्थ लागंना, तेवढ्यात ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प भेटतो, समजावून सांगतो, पुढं पाणी दिसल्यावर हा म्हणतो आता काय अडचण आहे, द्या बाप्तिस्मा. म्हणून रथ, म्हणून पुस्तक. आणि डोक्यावर पाणी घ्यायचं तर फेटा उतरवायलाच लागणार की.

ब्रश_आणि_मिसळ:
गोष्ट झाली, आता रचना, सर तेच विचारणार. रेम्ब्राँ तेव्हा जेमतेम विशीचा, आम्सटरडॅमला चित्रकार पीटर लास्टमनकडं शिकून नुकताच आपल्या गावी लायडनला परतलेला. लास्टमननं हाच विषय बऱ्याचदा रंगवलाय, त्याचं 1623 चं नेटवर काढ आणि शेजारी ठेवून बघ. गुरूचं आडवं, ऐसपैस. चेल्यानं चौकट उभी केली आणि माणसं एकावर एक रचली, खाली कुत्रं, मग गुडघ्यावरचा, त्याच्यावर फिलिप्प, पार वर रथ न् घोडेस्वार, नजर आपोआप चढत जाते. वरची गर्दी मला जरा कोंबल्यासारखी वाटते, पण त्या वयात हे धाडस म्हणजे नादच खुळा. रेम्ब्राँ म्हटलं की अंधार शोधू नको, इथं रंग उजळ आहेत. आणि कॅनव्हास नाही, लाकडी फळी आहे, साधारण 64 बाय 48 सेंमी, म्हणजे आपल्या इम्पिरियल शीटपेक्षा (मोठ्या ड्रॉइंग पेपरपेक्षा) लहान.

रंकाळ्याचा_काठ:
लई भारी, थँक्यू दोघांना. मूळ चित्र कुठंय?

ब्रश_आणि_मिसळ:
नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तच्या कॅथराइनेकॉन्व्हेंट म्युझियममध्ये. 1641 मध्ये त्यानं ह्याच विषयावर एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र) पण केलंय, वेळ मिळाला तर तेही ने, सर खूश होतील.